घरच्या टाकीत रंगीत सिक्लिडची जोडी : विकत घेऊ नका, जमू द्या



१ जूनला बंदी लागली. ट्रॉलर जेटीला बांधले, आता ३१ जुलैपर्यंत हाताला जाळी शिवायचे काम आणि डोक्यात घरखर्चाचा हिशोब. या दिवसांत आपल्या कार्यालयात माणसांची ये-जा जास्त असते. जो येतो तो कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीपुढे दोन मिनिटे थांबतो आणि विचारतो, "सचिव, असे मासे घरी ठेवून पिल्ले काढायची, तर कुठली जोडी आणू?"

मागच्या आठवड्यात एका बोटमालकाने तर फोनवर फोटोच दाखवला. डोक्यावर मोठे टेंगूळ असलेले दोन लालभडक मासे. विकणाऱ्याने सांगितले होते, "फ्लॉवरहॉर्नची ब्रीडिंग पेअर आहे, आठ हजार द्या, दोन महिन्यांत पैसे वसूल." बंदीत घरात पैसा येत नाही, नुसता जातो. त्यातले आठ हजार जाणार होते. आम्ही म्हटले, "दादा, दोन दिवस थांबा. आधी थोडे लिहून देतो, वाचा, मग काय ते ठरवा." त्यांच्यासाठी लिहिले ते सगळ्यांच्याच कामी येईल म्हणून इथे देत आहोत. लांबलचक आहे, पण बंदीत वेळ आहे. सवडीने वाचा.

सिक्लिड आपल्याला नवे नाहीत

सिक्लिड हे नाव परके वाटते, पण त्यातला एक मासा आपण लहानपणापासून खात आलो आहोत. आपली काळुंदर! अंगावर हिरवट झाक, मोत्यासारखे पांढरे ठिपके, खाजनातल्या पाण्यात राहणारी. ती सिक्लिडच आहे. केरळात तिला करीमीन म्हणतात आणि २०१० साली तिथल्या सरकारने तिला राज्यमासा केले. आपल्या देशात मूळचे सिक्लिड तीनच. काळुंदर, तिची कर्नाटकातली एक भावकी आणि छोटा पिवळा ऑरेंज क्रोमाइड. बाकी दुकानात दिसतात ते सगळे आफ्रिका आणि अमेरिका खंडातले, किंवा माणसाने संकर करून काढलेले.

मानशीवर ज्यांनी रात्री काढल्या आहेत त्यांना एक गोष्ट ठाऊक आहे. काळुंदर अंडी दगडाला किंवा लाकडाला चिकटवते आणि नर-मादी दोघे मिळून राखण करतात. जवळ कोणी गेले तर अंगावर धावून येतात. बांगडा-तारली अंडी पाण्यात सोडून पुढे निघून जातात, सिक्लिड तसे करत नाहीत. अंडी आणि पिल्ले सांभाळणे हा या सगळ्या घराण्याचा गुण आहे. घरी सिक्लिड पाळण्यातली खरी मजा तीच. रंग तर आहेतच, पण आई-बाप पिल्लांचा थवा घेऊन टाकीत फिरताना दिसतात, ते बघायला शेजारीपाजारी येतात.

पण सांभाळण्याची रीत प्रत्येक जातीची वेगळी. ती न बघता जोडी घेतली की काय होते, ते आमच्याच अनुभवावरून सांगतो.

आमची पहिली चूक

दोन वर्षांपूर्वी सोसायटीची टाकी नवी घेतली तेव्हा आम्ही शहरातल्या एका दुकानातून 'ऑराटस'ची जोडी आणली. नर काळा, त्यावर फिकट निळे पट्टे. मादी पिवळीधमक, त्यावर काळे पट्टे. नर-मादी ओळखायला अगदी सोपे, रंग तर डोळ्यात भरणारा. आम्ही खूश. पाचव्या दिवशी मादी कोपऱ्यात वर तोंड करून उभी होती, शेपटीची चाळण झालेली. आठव्या दिवशी मेली.

आम्हाला वाटले मासा खराब लागला. तसे नव्हते. ऑराटस हा आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातला मासा. त्यात नर-मादीचा संसार नसतोच. एका नराबरोबर चार-पाच माद्या ठेवाव्या लागतात, म्हणजे त्याचा राग वाटला जातो. मादी अंडी तोंडात घेऊन एकटीच सांभाळते. एका नराबरोबर एकच मादी ठेवली की तो तिला मारून टाकतो. दुकानदाराने नर-मादी बरोबर दिली होती, रंगही खरा होता. फक्त ती 'जोडी' नव्हती, एका पिशवीत बांधलेले दोन मासे होते.

म्हणून पहिला धडा हा : आधी जात कशी नांदते ते विचारा, रंग नंतर.

कुठल्या जाती जोडीने नांदतात, कुठल्या नाहीत

दुकानात नेहमी दिसणाऱ्या जातींची माहिती थोडक्यात अशी.

१. मलावीचे सगळे रंगीत मासे, म्हणजे पिवळा लॅब, झेब्रा, ऑराटस. यांची जोडी करायची नसते, घोळका ठेवायचा असतो. पाणीही त्यांना जड आणि अल्कधर्मी लागते. मोठी टाकी असेल तरच या वाटेला जा.

२. फ्लॉवरहॉर्न. ही निसर्गातली जात नव्हे. १९९० च्या दशकात मलेशियात संकर करून काढलेला मासा. एक मासा फूटभर वाढतो, चावतो, आणि त्याचे बरेच नर नापीक असतात. अंडी पडतात, पण पांढरी होऊन कुजतात. विकणाऱ्याने पिल्लांसकट जोडी दाखवली तरच ती ब्रीडिंग पेअर. फोटोवर विश्वास ठेवू नका.

३. ब्लड पॅरट. हाही संकर. तोंड नीट मिटत नाही. बहुतेक नर नापीक. काही जण याला सुईने रंग टोचून जांभळा-निळा करून विकतात. तो रंग उतरतो आणि मासा हाल होऊन मरतो. हा घेऊच नये.

४. एंजल. ॲमेझॉनचा मासा. खरी जोडी जमते आणि सुंदर दिसते. पण अंडी घालण्याची वेळ येईपर्यंत नर कुठला, मादी कुठली हे सांगता येत नाही. "ही जोडी आहे" असे कोणी दोन लहान एंजल दाखवून म्हणाला तर तो अंदाजच सांगतोय.

५. ब्लू रॅम. फार देखणा, पण नाजूक. पाणी स्वच्छ आणि २८ अंशांच्या आसपास ऊबदार लागते. पहिल्यांदा पाळणाऱ्याने हात लावू नये.

६. कन्व्हिक्ट. काळ्या पट्ट्यांचा, मध्य अमेरिकेतला. बादलीतसुद्धा पिल्ले देईल इतका सोपा. मादीच्या पोटावर नारिंगी छटा असते. अडचण एकच, पिल्ले इतकी होतात की द्यायची कुणाला हा प्रश्न पडतो.

७. क्रिबेन्सिस. दुकानात 'क्रिब' म्हणतात. आमचे मत या माशाला. पुढचा सगळा पाठ याच्यावर आहे.

क्रिब का?

क्रिब हा मूळचा नायजेरियाच्या दक्षिण भागातला, नदी-ओढ्यातला मासा. नर चार इंचांच्या आसपास, मादी तीन इंचांच्या आसपास. म्हणजे अडीच फुटी टाकीत जोडी सुखाने राहते. बाजूवर एक काळा पट्टा डोक्यापासून शेपटीपर्यंत, पंखांना सोनेरी कड, आणि पोट लाल. अंडी बिळात घालतो. नर आणि मादी दोघेही पिल्ले सांभाळतात. आणि सगळ्यात सोयीचे म्हणजे नर-मादी बघून ओळखता येतात.

मादी : आखूड, पोट गोल. पोटावर पिकलेल्या चेरीसारखा किंवा जांभळट लाल डाग. पोटाखालचे दोन छोटे पंख टोकाला गोलसर.

नर : लांब, अंगाने सडपातळ. पाठीवरचा आणि शेपटीजवळचा खालचा पंख मागे टोकदार होत गेलेला. शेपटीचे मधले काटे थोडे पुढे निघालेले. पोटाखालचे पंख टोकदार.

यात एक गंमत लक्षात घ्या. बऱ्याच माशांत नर जास्त रंगीत असतो. क्रिबमध्ये मादी जास्त उठून दिसते. त्यामुळे गिऱ्हाईक सगळ्यात सुंदर दोन मासे निवडून आणते आणि घरी दोन माद्या येतात. पहिला क्रिब आणला तेव्हा आम्हीसुद्धा हेच करणार होतो. सोसायटीत मासे निवडायला येणाऱ्या एका काकींनी हटकले. त्या म्हणाल्या, "दोन्ही पोटं गोल हत रे, बायको-बायको काय आणतास?" काकींनी क्रिब आयुष्यात पाहिला नव्हता. पण चाळीस वर्षे सुरमई-बांगड्याची पोटे फाडलेल्या माणसाला मासळीचे पोट वाचता येते. तुमच्या घरातही अशी कोणी असेल तर दुकानात तिला बरोबर न्या.

दुकानात निवडताना

तयार जोडी मागू नका. दोन ते चार सेंटीमीटरची सहा पिल्ले घ्या. शक्य असेल तर तीन एका दुकानातून, तीन दुसऱ्या दुकानातून, म्हणजे सगळी एकाच घाण्यातली भावंडे असणार नाहीत. भावंडांचीही जोडी जमते, पण तसे पिढ्यान् पिढ्या करत राहिलात तर मासा खुजा आणि वाकडा निघू लागतो.

सहा का? कारण जोडी माणसाने लावलेली टिकत नाही, त्यांची त्यांनी जमवलेली टिकते. सहात साधारण दोन-तीन नर, दोन-तीन माद्या मिळतात आणि त्यातून एक तरी जोडी जुळते. सहा पिल्ले बहुधा एका 'तयार जोडी'च्या किमतीपेक्षा स्वस्त पडतात. ज्यांना थांबायला वेळ नाही त्यांनी मोठी जोडी घ्यावी, पण दोन्ही मासे त्या दुकानात एकाच टाकीत, एकाच बिळाभोवती फिरताना बघूनच.

निवडताना या क्रमाने बघा :

पहिले, अंग. पाठ सरळ, पोट आत गेलेले नाही, कल्ल्यावरची झाकणे नीट मिटतात, डोळे स्वच्छ.

दुसरे, वागणे. कोपऱ्यात लपून धापा टाकणारा नको. काचेजवळ येऊन तुमच्याकडे बघणारा, दुसऱ्याला थोडे ढोसणारा घ्या.

तिसरे, खाणे. दुकानदाराला सांगा, "तुमच्या हाताने दोन दाणे टाका." धावून खाणारा मासा घ्या. खाऊन परत थुंकणारा किंवा पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा लोंबणारा सोडा. त्या टाकीतला दुसराही घेऊ नका.

चौथे, वय. अंगठ्याच्या नखाएवढे पिल्लू आणि रंग मात्र पूर्ण वाढलेल्या नरासारखा भडक, असे दिसले तर सावध व्हा. काही ठिकाणी रंग लवकर यावा म्हणून पिल्लांना संप्रेरके खाऊ घालतात. असे मासे पुढे पिल्ले देत नाहीत. ब्लू रॅममध्ये हा प्रकार जास्त होतो.

पाचवे आणि शेवटचे, रंग.

रंग शेवटी का, तेही सांगतो. दुकानातल्या उघड्याबोडक्या टाकीत, पांढऱ्या दिव्याखाली, जाळे सारखे आत-बाहेर होत असताना चांगला क्रिबसुद्धा राखाडी पडतो. आमच्याकडची आत्ताची मादी आणली तेव्हा फिकट, मळकट दिसत होती. आज तिच्यासारखा लाल रंग दुसऱ्या कुणाचा नाही. मासा घाबरला की रंग लपवतो, निर्धास्त झाला की दाखवतो. तुम्ही दुकानातून निरोगी अंग आणायचे. रंग घरी येतो.

टाकी आधी, मासा नंतर

मासा आणायच्या महिनाभर आधी टाकी लावून चालू ठेवा. नव्या पाण्यात माशाच्या घाणीचे विष पचवणारे जिवाणू नसतात. ते तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. हाच वेळ न दिल्याने बहुतेकांचे मासे पहिल्या पंधरवड्यात मरतात आणि बोल दुकानदाराला लागतो.

आकार : अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. साधारण शंभर लिटर. जोडीपुरते दोन फुटीतही भागते, पण सहा पिल्ले वाढवायची तर अडीच फुटीच घ्या.

पाणी : क्रिबला मऊ पाणी आवडते. आपल्याकडे जांभ्या दगडातल्या विहिरीचे पाणी सहसा मऊच असते. खाडीकाठच्या विहिरी मात्र उन्हाळ्यात खारट होतात, ते पाणी नको. विहिरीचे पाणी रात्रभर बादलीत हवा सोडून ठेवा. नळाचे पाणी असेल तर क्लोरिन मारणारे औषध घाला. सामू, म्हणजे पीएच, ६.५ ते ७ च्या दरम्यान ठेवा. तपासायचे किट दुकानात मिळते. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण क्रिबची पिल्ले लहान असताना पाणी फार आम्लधर्मी राहिले तर त्यात नर जास्त निघतात. पुढे पिल्लांतून जोड्या करायच्या असतील तर सातच्या जवळ राहा.

उष्णता : २५ ते २७ अंश. आपल्या हवेत हीटर लागत नाही. उलट एप्रिल-मे महिन्यांत टाकी उन्हात, पत्र्याखाली ठेवू नका.

गाळणी : स्पंजची, हवेच्या पंपावर चालणारी. यात पिल्ले ओढली जात नाहीत. पावसात वीज गेली तर बॅटरीचा पंप हाताशी ठेवा. वीज नसेल तेव्हा खाणे बंद ठेवा.

बिळे : यासाठी एक रुपयाही खर्च नको. नारळाची करवंटी घ्या. आतले खोबरे पूर्ण खरवडा, दोन-तीन वेळा पाणी बदलून उकळा, काठाला मासा जाईल एवढी खाच पाडा आणि पालथी ठेवा. मासे जितके, त्याहून दोन करवंट्या जास्त. खाच लहान ठेवली तर मादीला जास्त आवडते. तळाला धुतलेली बारीक नदीची वाळू घाला, समुद्राची नको. तिच्यात शंख-शिंपल्यांचा चुरा असतो, त्याने पाणी जड होते. थोडी पाणवनस्पती, मागच्या काचेला काळा कागद. काळ्या पाठीवर रंग खुलतो.

खाणे आणि लाल रंग

माशाला लाल-नारिंगी रंग स्वतःच्या अंगात तयार करता येत नाही. तो खाण्यातूनच मिळतो, आणि कोळंबीच्या, जवळ्याच्या सालात तो भरपूर असतो. म्हणजे बाजारातली महागडी 'कलर फूड' घेण्याआधी आपल्या घरातल्या डब्यात बघा. बिनमिठाचा सुका जवळा, ज्याला आपल्याकडे गालमो म्हणतात, तो गोड्या पाण्यात दहा मिनिटे भिजवा, पाणी ओतून द्या, चुरडून चिमूटभर घाला. आठवड्यातून तीन दिवस हे, बाकी दिवस दाणे. एका वेळी दोन मिनिटांत संपेल तेवढेच. उरले तर काढा. दर आठवड्याला पावभर पाणी बदला.

जोडी जमली हे कसे ओळखायचे

पाच-सहा महिन्यांची झाली की एक दिवस दिसेल, मादी नराच्या समोर येऊन अंग कमानीसारखे वाकवते, लाल पोट पुढे काढते आणि थरथरते. क्रिबमध्ये मागणी मादी घालते! नर उत्तर देतो, दोघे एका करवंटीत जा-ये करतात, तोंडाने वाळू उचलून बाहेर टाकतात. मग दोघे मिळून बाकीच्या चौघांना हाकलू लागतात.

हे दिसले की जोडी जमली. त्या दिवशीच बाकीचे चार मासे दुसऱ्या टाकीत हलवा, नाहीतर त्यांचे पंख फाटतील. आणि आता बघा रंग! आधी जो लाल होता तो याच्यापुढे काहीच नव्हता असे वाटेल.

दोन-तीन आठवडे होऊनही नर मादीला सतत पळवत असेल, ती वरच्या कोपऱ्यात अंग चोरून उभी असेल, तर ती जोडी नव्हे. वेगळे करा. "होईल सवय" म्हणून वाट बघू नका. आम्ही ऑराटसच्या वेळी तीच वाट बघितली होती.

अंडी आणि पिल्ले

अंडी करवंटीच्या आत छताला चिकटलेली असतात, म्हणून दिसत नाहीत. मादी दिसेनाशी झाली आणि नर दाराशी पहाऱ्याला बसला की समजा. करवंटी उचलून बघू नका. साधारण तिसऱ्या दिवशी अंडी फुटतात. आठवडाभराने मादी धुळीच्या ढगासारखा पिल्लांचा थवा घेऊन बाहेर येते. संध्याकाळ झाली की दोघे मिळून सगळी पिल्ले परत करवंटीत नेतात.

पहिल्या एक-दोन वेळा नवीन जोडी अंडी खाऊन टाकते. आमची पहिली दोन वेळा गेली. तिसऱ्या वेळी जमले. नवखे आई-बाप असतात, त्यांना शिकायला वेळ द्या. टाकीवर कापड टाकून येणे-जाणे कमी करा.

पिल्लांना पहिले खाणे आर्टेमियाचे. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मिठागराचे साधे मीठ, आयोडीनवाले नको. त्यात पाव चमचा आर्टेमियाची अंडी घालून खालून जोरात हवा सोडा. आपल्या हवेत २४ ते ३० तासांत फुटतात. हवा बंद करून बाजूने बॅटरी लावा, जिवंत आर्टेमिया उजेडाकडे जमतात. नळीने ओढून घ्या, बारीक कापडावर गोड्या पाण्याने धुवा आणि पिल्लांच्या थव्याजवळ सोडा. दिवसातून तीन वेळा. उकडलेल्या अंड्याचा बलक पण चालतो, पण पाणी लगेच नासते, म्हणून सुईच्या टोकावर राहील एवढाच.

चार आठवड्यांत पिल्ले सेंटीमीटरभर होतात आणि आई-बापांना पुढच्या अंड्यांचे वेध लागतात. तेव्हा पिल्ले वेगळी करा.

जास्तीची पिल्ले खाजनात सोडायची नाहीत

हे वाचून विसरू नका.

एका वेळी शंभर पिल्ले झाली तर काय करायचे ते आधी ठरवा. जवळच्या दोन-तीन दुकानदारांशी आधीच बोलून ठेवा, ते किती घेतील आणि काय देतील. ओळखीच्यांना द्या. जागा नसेल तर करवंट्या काढून ठेवा, जोडी अंडी घालणे कमी करते. पण "जीव आहे, मरू कशाला द्यायचा" म्हणून खाजनात, ओहोळात, तळ्यात सोडू नका.

कारण सोडलेला एक सिक्लिड काय करतो ते आपण रोज बघतो. १९५२ साली आपल्या देशात आफ्रिकेची तिलापिया आणली. स्वस्त मासा मिळेल म्हणून चांगल्या हेतूनेच आणली. तीही सिक्लिडच. मादी पिल्ले तोंडात घेऊन वाढवते, गोड्या पाण्यात राहते, खाऱ्या पाण्यातही राहते. आज मानशीच्या जाळ्यात काळुंदर किती आणि तिलापिया किती येते, हे मानस लिलावात घेणाऱ्या सभासदाला विचारा. काळुंदर बाजारात कुठल्या भावाने जाते आणि तिलापिया कुठल्या, तेही विचारा. पिल्ले सांभाळण्याचा जो गुण टाकीत बघायला गोड वाटतो, तोच गुण परक्या माशाला आपल्या पाण्यात घट्ट पाय रोवायला मदत करतो. आपले पोट त्या पाण्यावर आहे.

शेवटी पैशाचे

यातून बोटीइतकी कमाई होईल असे आम्ही सांगणार नाही. पहिले वर्ष शिकण्यात जाते. टाकी, पंप, सहा पिल्ले आणि किट यांचा खर्च निघाला आणि हाताशी एक चांगली जोडी राहिली, तर वर्ष चांगले गेले समजा. घरातल्या बाईमाणसांना, शाळकरी मुलांना जमण्यासारखे काम आहे. पुढे वाढवायचे की नाही ते दुसऱ्या वर्षी ठरवा.

ज्या बोटमालकांसाठी हे लिहायला घेतले, ते काल येऊन गेले. आमचा कागद वाचून त्यांनी विकणाऱ्याला फोन लावला आणि एवढेच विचारले, "या जोडीची पिल्ले दाखवशील काय?" तिकडून उत्तर आले, "पिल्ले विकली गेली." आठ हजार वाचले. परवा त्यांची मुलगी आमच्याकडून दोन करवंट्या नमुन्याला घेऊन गेली. टाकी महिनाभर रिकामी चालवायची आहे हे तिला आम्ही तीनदा बजावले आहे.

ज्यांना आमची जोडी बघायची आहे त्यांनी संध्याकाळी पाचनंतर कार्यालयात यावे. सध्या पिल्ले बाहेर फिरतात. टाकीच्या काचेवर टकटक करू नये, एवढी विनंती.

आपला,
सचिव